आई, दोन पानं एकदम गेली

आई,

पुस्तक अजून परत केलेलं नाही. दवाखान्यात तुम्ही विचारलंत, "वैशे, पुस्तक दिलंस का गो परत?" आणि मी म्हटलं, "हो, कधीच." खोटं बोलले. ते तेव्हा फ्रिजवर पडलेलं होतं, लाइटबिलांच्या खाली. तुम्ही "बरं" म्हणालात आणि भिंतीकडे तोंड केलंत. मला वाटलं, झोप आली असेल. आता वाटतं, तुम्हाला ते पुन्हा ऐकायचं होतं. पण आता वाटून काय उपयोग.

तेवीस दिवस झाले तुम्हाला जाऊन. सगळे येऊन गेले. घोडबंदरहून तुमच्या माहेरची माणसं आली, सोसायटीतल्या बायका आल्या. जो तो मला म्हणत होता, "सून असावी तर अशी. सासूला रोज पुस्तक वाचून दाखवायची." मी मान खाली घालून ऐकत होते. त्यांना वाटलं, दुःखाने. कर्म माझं! दुःख तर होतंच, पण मान खाली गेली होती ती शरमेने. म्हणून हे लिहायला बसले. प्रशांतला सांगून झालंय, पण त्याने भागत नाही. तो तुमचा मुलगा असला तरी ही भानगड तुमची-माझी आहे.

सुरुवात माझ्यामुळेच झाली. आपल्या बेव्हर्ली पार्कच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी मोबाइलच्या ग्रुपवर वाचनाचं चॅलेंज काढलं. वर्षात बारा पुस्तकं, आणि पुस्तक संपलं की त्याच्यासोबत आपला फोटो टाकायचा. मी पडले शाळेतली मराठीची बाई, मी मागे राहून कसं चालेल? पहिल्याच दिवशी नाव दिलं. तुम्ही समोर लसूण सोलत बसला होतात. तुम्ही हात न थांबवता म्हणालात, "मनापन घे त्याच्यात."

मी हसले. "आई, तुम्हाला दिसतं कुठे?" काचबिंदूने तुमचा एक डोळा गेला होता आणि दुसऱ्याला अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मना दिसत न्हाय, पन तुला दिसतं ना? तू वाच, मी ऐकते. एकाच पुस्तकात दोघींचं व्हईल."

मी ग्रुपवर तुमचं नाव टाकलं तर दुसऱ्या मजल्यावरच्या मिसेस शर्मांनी लगेच विचारलं, "सुनना भी पढ़ना होता है क्या?" माझं डोकं फिरलं. मी तिथल्या तिथे एवढा मोठा मेसेज लिहिला की पुढे दोन दिवस कोणी काही बोललंच नाही. तेव्हा मी तुमच्या बाजूने भांडले होते, आई. माझ्या बाजूने एवढी एकच गोष्ट आहे, म्हणून ती आधी सांगून घेतली.

पुस्तकं कुठली आणायची त्यावर आपलं वाजलं. मी कादंबऱ्यांची यादी केली होती. तुम्ही नाक मुरडलंत. "खोट्या मानसांच्या गोष्टी कोन ऐकनार? सिनेमावाल्यांची आन." म्हणजे सिनेमातली माणसं खरी! पण तुमच्यासाठी ती खरीच होती. आणि त्यातल्या एकाचंही नाव तुमच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, तसं हिरोचंही घ्यायचं नाही, हा तुमचा नियम. एक तुमचा ‘रडका’, एक ‘टोपीवाला’, एक ‘नाकात बोलनारा’. नट्यांमध्ये एक ‘भुवयावाली’ आणि एक ‘कवा मरत न्हाय ती’. बाबा होते तेव्हा चिडवायचे, "तुझा रडका आलाय बग टीव्हीवर," आणि तुम्ही पदर नीट करून टीव्हीसमोर बसायचात. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिले दोन महिने मला वाटायचं, हे सगळे तुमचे नातेवाईक आहेत.

तुमच्या त्या माणसांनीच मला या घरात रुळवलं. मी घाटावरची, घरात अंडंसुद्धा न शिजणारी. इथे पहिल्याच आठवड्यात टोपलीभर जिवंत निवट्या आल्या आणि त्या चिखलाच्या मासळीने अशी उडी मारली की मी किंचाळत ओट्यावर चढले. दुसरी सासू असती तर माझ्या माहेरचा उद्धार झाला असता. तुम्ही मला खाली उतरवलंत, स्टुलावर बसवलंत, आणि निवट्यांना राख चोळता चोळता अख्खा सिनेमा सांगितलात, गाण्यांसकट. शेवटी नायिका मेली तेव्हा आपण दोघी रडत होतो. त्यानंतर बाबांना "देवळात जातो" म्हणून सांगून आपण भाईंदरला मॅटिनीला जायला लागलो. येताना खरंच देवळात डोकावायचं, म्हणजे खोटं लागायला नको. खोट्याच्या बाबतीत तुम्ही एवढ्या जपणाऱ्या होतात.

या सगळ्या माणसांत एक होती, तिला टोपणनाव नव्हतं. ती नुसती ‘आमची’. कारण ती तुमच्या गावात आली होती. तुम्ही अकरा वर्षांच्या असाल तेव्हा. घोडबंदरच्या किल्ल्यापाशी शूटिंग होतं, दोन दिवस. भर उन्हात तिला जरीचे जड कपडे घालून उभं केलं होतं आणि तिचा चेहरा लाल झाला होता. तुमच्याने बघवेना. तुम्ही धावत बावीवर गेलात, कळशी ओढताना हात रहाटावर आपटला आणि उजव्या हातातल्या सगळ्या बांगड्या फुटल्या. डावा हात भरलेला, उजवा मोकळा, तशाच पाण्याचा गडू घेऊन तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिलात. ती सगळं पाणी प्यायली. तुमचं नाव विचारलं. तुम्ही लाजून पळालात. घरी गेल्यावर बांगड्यांसाठी आयेचा धपाटा मिळाला. "पन तिनी सगला गडू संपवला गो. थेंब ठेवला न्हाय. आमचे बावीचं पानी हाताला लागलं तरी गोड लागायचं."

ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेन! आणि दर वेळी आपलं भांडण तिथेच व्हायचं. मी म्हणायचे, "आई, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला तुमच्याच वडिलांचं मिठागर, आणि मधल्या विहिरीला गोड पाणी?" तुम्ही चवताळायचात. "तू कवा पिलीस? घाटावर बसून तुला बरी चव कलली!" ती बाव बुजून कधीच रस्त्याखाली गेलेली, त्यामुळे निकाल लागायचा प्रश्नच नव्हता.

मग ती दिवाळी. माझी बहीण आणि तिचा नवरा आले होते. तुम्ही रंगात येऊन गोष्ट सांगितलीत. बहिणीने डोळे मोठे करून विचारलं, "खरंच?" आणि मी, सगळ्यांसमोर, करंजी खाता खाता म्हटलं, "अगं, स्वप्न पडलं असेल आईंना. मिठागरातल्या विहिरीला म्हणे गोड पाणी. त्यावरनंच काय ते ओळख." सगळे हसले. प्रशांतही हसला. तुम्हीही हसलात, आई, आणि चहा टाकायला म्हणून उठलात.

त्यानंतर आठ वर्षं तुम्ही ती गोष्ट सांगितली नाहीत. मला हे तेव्हा कळलंसुद्धा नाही. मी शाळा, तपासायच्या वह्या, मुलीचं कॉलेज यात गुंतलेली. घरातला एक आवाज बंद झाला तरी मला त्याचा पत्ता नव्हता.

चॅलेंजचं वर्ष मात्र मजेत गेलं. मी दीड वाजता शाळेतून यायचे, जेवणं व्हायची आणि तीन वाजता आपण बसायचो. तुम्ही खिडकीजवळच्या खुर्चीत, मी दिवाणावर. टोपीवाल्याचं चरित्र झालं, रडक्याचं झालं. रडक्याने बायकोला किती छळलं ते वाचल्यावर तुम्ही दोन दिवस त्याच्यावर रुसलात आणि टीव्हीवर त्याचं गाणं लागलं तर बंद करायला लावलंत. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणालात, "लाव. गानं त्याचं एकट्याचं थोडीच हाय." मी शप्पथ सांगते, वर्गातल्या चाळीस पोरांना शिकवताना मला जी मजा आली नाही ती तुमच्या एकटीसमोर आली.

आणि तुमचे कान! एकदा पानं चिकटली होती, माझ्या लक्षात आलं नाही आणि मी पुढे वाचत सुटले. तुम्ही डोळे मिटून बसला होतात. मिटल्या डोळ्यांनी म्हणालात, "दोन पानं एकदम गेली गो." पान उलटल्याच्या आवाजावरून! मी मागे जाऊन पाहिलं तर खरंच. मग तुम्ही ते वाक्य पकडूनच ठेवलंत. मी भाजीला मीठ घालायला विसरले तरी, "दोन पानं एकदम गेली वाटतं."

डिसेंबर उजाडला तेव्हा अकरा झाली होती. तुम्ही जरा चाचरत विचारलंत, "आमची तिचं न्हाय का काही?" मी भाईंदर पश्चिमेच्या लायब्ररीत जाऊन शोधलं. तिचं आत्मचरित्र मराठीत आलेलं होतं. चारशेच्या वर पानांची वीट. मी ते तुमच्या मांडीवर ठेवलं, तुम्ही कव्हरवरून हात फिरवलात. "गालावर खली हाय का फोटोत?" मी म्हटलं, आहे. "मंग तीच," तुम्ही म्हणालात. त्या क्षणी मला कळायला हवं होतं की वर्षभर सिनेमावाल्यांची पुस्तकं कशासाठी चालली होती. अकरा पुस्तकं तुम्ही एक ओळ शोधत होतात. कोणीतरी, कुठेतरी, ‘आम्ही खाडीकाठच्या किल्ल्यावर शूटिंगला गेलो होतो’ एवढं तरी लिहिलं असेल. मला आणि त्या दिवाळीला हसलेल्या सगळ्यांना दाखवायला.

पण माझं लक्ष बाराच्या आकड्यावर. पेपर तपासायचे होते, पुस्तकात तिचं लहानपणच संपत नव्हतं. तुम्ही मधेमधे थांबवायचात, "परत वाच." महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपण पान दोनशे बारावर होतो आणि ग्रुपवर मिसेस शर्मांचा फोटो आला, बारावं पुस्तक हातात. माझ्या अंगाची लाही झाली.

त्या दिवशी तुम्ही हात धुवायला आत गेलात. मी दोनशे बाराला खूण तशीच ठेवली आणि पुस्तक थेट शेवटच्या दोन प्रकरणांवर उघडलं. तुमच्यासमोर पानं उलटली असती तर तुम्हाला ऐकू आलं असतं, म्हणून तुम्ही यायच्या आत. बघा, किती विचार करून केलं! तुम्ही येऊन बसलात, मी वाचायला लागले. थोड्या वेळाने तुम्ही म्हणालात, "एवढ्यात म्हातारी झाली?"

मी म्हटलं, "पुस्तकात वर्षं भराभर जातात, आई."

तुम्ही मान हलवलीत. एकतीस तारखेला पुस्तक ‘संपलं’. मी तुमच्या हातात देऊन फोटो काढला आणि टाकला, बारापैकी बारा. मग तुम्ही विचारलंत, "खाडीचं न्हाय आलं त्याच्यात?"

"नाही हो."

"मधी कुठं?"

"मधेही नाही. मी नीट पाहिलं."

मी नीट पाहिलं. हे तीन शब्द मी बोलले, आई. दीडशे पानं न उघडता बोलले. तुम्ही कव्हरवरून पुन्हा एकदा हात फिरवलात. मग म्हणालात, "इसरली असंल. बिचारीला किती गावं, किती मानसं." तुम्ही तिची बाजू घेतलीत. मी मोबाइलवर आलेले अंगठे आणि फुलं बघत होते.

पुढे थंडीत तुम्हाला ताप आला, तो छातीत उतरला आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं.

परवा लायब्ररीतून फोन आला, "मॅडम, पुस्तक कधी आणताय?" मी ते फ्रिजवरून काढलं, पुसलं. खूण अजून दोनशे बारालाच होती, तुमच्या डोळ्यांच्या थेंबांच्या खोक्यातला घडी केलेला कागद. खूण काढायची आणि पुस्तक पिशवीत टाकायचं, एवढंच काम. पण हात काही खूण काढेना. गॅसवर कुकर होता. ओट्याला टेकून उभी राहिले आणि जिथे तुम्हाला सोडून पळाले होते तिथून वाचायला लागले. पान दोनशे एकतीस. म्हणजे फक्त एकोणीस पानं, आई. एक दुपार.

ती गावाचं नाव लिहीत नाही. लिहिते की खाडीकाठी एक पडका किल्ला होता, समोर मिठाचे ढीग इतके चमकत होते की डोळे उघडवत नव्हते. जरीच्या कपड्यांत तिला घेरी यायला लागली आणि सेटवरच्या कोणाला ते दिसलं नाही. तेव्हा गावातली एक मुलगी गडूभर पाणी घेऊन आली. तिच्या एका हातात बांगड्या होत्या, दुसरा हात मोकळा. पाणी इतकं खारं होतं की घशाखाली उतरेना. पण ती पोर आपल्या तोंडाकडे बघत अशी उभी होती की थेंब टाकायची हिंमत झाली नाही, म्हणून तिने गडू तळापर्यंत संपवला. नाव विचारलं तर पोर पळून गेली. पुढे ती लिहिते की तिच्यामागे माणूस पाठवून नाव विचारायला हवं होतं, ते राहून गेलं. सहा-सात ओळी आहेत, बस. मग पुढच्या सिनेमाचं सुरू होतं.

कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या मला माहीत नाही. प्रशांतने येऊन गॅस बंद केला. मी त्याच्यासमोर पुस्तक धरलं. त्याने दोनदा वाचलं. "आईच आहे ही," एवढंच म्हणाला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी मागे जाऊन त्याला सांगितलं की हे पान मी गाळलं होतं, मुद्दाम. तो म्हणाला, "तू एवढं वाचून दाखवलंस, एखादं राहतं." मी म्हटलं, तसं बोलू नकोस. मग म्हणाला, "त्या दिवाळीला मीही हसलो होतो."

ग्रुपवर मी लिहून टाकलं की आमचं बारावं पुस्तक पूर्ण झालं नव्हतं, पानं मी गाळली, आईंना माहीत नव्हतं. संध्याकाळी मिसेस शर्मा वर आल्या, तुमच्या खुर्चीशेजारी बसल्या आणि हळूच विचारलं, "आंटी को सच में पता नहीं था?"

तेव्हापासून तोच प्रश्न माझा जीव खातोय. चिकटलेली दोन पानं तुम्हाला मिटल्या डोळ्यांनी कळली. मग जाड पुस्तकाची दीडशे पानं गेली ती कळली नाहीत? "एवढ्यात म्हातारी झाली?" असं विचारलंत, ते उगाच? की तुम्हाला कळलं होतं आणि सून दमलीय, जाऊ दे, म्हणून तुम्ही गप्प बसलात? आणि मग दवाखान्यात, शेवटच्या क्षणी, पुस्तक दिलंस का म्हणून विचारलंत? मी "नाही" म्हटलं असतं तर तुम्ही काय सांगणार होतात? तुम्हाला माहीत नव्हतं असं धरलं तर मी तुम्हाला फसवलं. माहीत होतं असं धरलं तर तुम्ही मला सांभाळून घेतलंत, आणि ते जास्त लागतं. दोन्हीकडून माझी सुटका नाही, आणि नकोही आहे.

काल तीन वाजता मी दिवाणावर बसले. तुमची खुर्ची समोर. दोनशे बारापासून मोठ्याने वाचलं, दोनशे एकतीसपर्यंत. प्रत्येक पान असं उलटलं की आवाज व्हायला पाहिजे. ते पान दोनदा वाचलं, कारण तुम्ही "परत वाच" म्हणाला असतात. लायब्ररीवाल्यांना सांगितलंय, आठ दिवस थांबा, उरलेलं संपवते. मग बारा होतील, तुमची आणि माझी.

तुम्ही खऱ्या होतात, आई. बांगड्या, गडू, पळून जाणं, सगळं खरं. स्वप्न पडलं म्हणणारी मी मूर्ख होते आणि मला माफ करा, हे मला तुमच्या पायाशी बसून म्हणायचं होतं. पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. पाणी खारं होतं. तिने लिहिलंय, छापून आलंय. इतकी वर्षं मी तेच सांगत होते आणि इतकी वर्षं तुम्ही मला गप्प केलंत. यावर तुम्ही काय म्हणाला असतात तेही मला माहीत आहे. लसूण सोलणारा हात न थांबवता म्हणाला असतात, "तिचे तोंडालाच चव नसंल."

म्हणा ना, आई. एकदा म्हणा.